घरच्या कॉम्प्युटरसाठी ऑपरेटिंग सिस्टीम कशी निवडावी?

आमचे कापडाचे दुकान मालेगावात आहे, पण हिशेबाचा कॉम्प्युटर घरी असतो. दिवसा मुले त्यावर अभ्यास करतात आणि इशाच्या नमाजनंतर आम्ही त्यावर रोजमेळ व उधारी लिहितो. आपल्या पुष्कळ व्यापारी व कारागीर बांधवांच्या घरी हीच रीत आहे. त्यामुळे त्या कॉम्प्युटरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम असावी हा प्रश्न मुलांवर सोडून देण्यासारखा नाही.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कारखान्यातील मुकादम समजा. कोणत्या मागाला किती सूत द्यायचे, तयार तागा कोठे ठेवायचा, हे तो पाहतो. हिशेबाचा प्रोग्राम, प्रिंटर, इंटरनेट ही सारी त्याच्या हाताखालची माणसे. मुकादम बेभरवशाचा निघाला तर कारागीर कितीही चांगले असोत, माल बिघडतोच.

२०१८ साली आमचा कॉम्प्युटर फार मंद झाला म्हणून बाजारातील एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने ३०० रुपये घेतले, तासाभरात नवीन विंडोज टाकली आणि म्हणाला, "सेठ, आता मशीन एकदम नवीन झाले." रात्री उधारीची फाइल उघडायला गेलो तर ती नव्हतीच. आम्ही ती डेस्कटॉपवर ठेवत असू आणि डिस्क पुसताना ती गेली. आठ महिन्यांची उधारी! कागदी वही तर आम्ही मोठ्या हौसेने बंद केलेली. मग बिलबुकाच्या कार्बन प्रती काढून दोन महिने रात्री जागून खाती पुन्हा मांडली. काही गिऱ्हाइकांनी आपणहून आकडा सांगितला. शिवणकाम करणाऱ्या एका बाईने आम्हाला आठवतही नसलेले १,४०० रुपये आणून दिले. ज्यांची बाकी मोठी होती त्यांतील काहींची स्मरणशक्ती मात्र अचानक कमजोर झाली. दुरुस्तीवाल्याने विचारले नाही हे खरे, पण आम्हीही त्याला सांगितले नव्हते.

पुढे कळले की त्याने टाकलेली विंडोजही चोरीची होती. अशा प्रतीला चालू करण्यासाठी जे छोटे प्रोग्राम वापरतात, त्यांत अनेकदा व्हायरस दडलेला असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ६३ ब प्रमाणे, माहीत असूनही चोरीचा प्रोग्राम वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैदेतून सूट देऊ शकते, पण उधारीचा हिशेब म्हणजे धंदाच. शिवाय दुसऱ्याचा माल पैसे न देता वापरणे आपण दुकानात खपवून घेतो काय?

आता निवडीकडे वळू. पुष्कळ घरांत अजून विंडोज १० आहे. तिचा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. घरगुती वापराच्या कॉम्प्युटरसाठी नाव नोंदवून सुरक्षेची दुरुस्ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेण्याची सोय कंपनीने ठेवली. कॉम्प्युटर त्यानंतरही चालतो, पण नवी भोके बुजवली जात नाहीत. याचा अर्थ काय, ते मे २०१७ मधील 'वॉनाक्राय' प्रकरणावरून समजते. या व्हायरसने जगभरच्या कॉम्प्युटरांतील फाइलींना कुलूप लावून खंडणी मागितली. ज्या भोकातून तो शिरला त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, परंतु असंख्य लोकांनी ती घेतली नव्हती.

विंडोज ११ घ्यायची तर यंत्र पुरेसे नवे हवे. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. 'पीसी हेल्थ चेक' हा मायक्रोसॉफ्टचाच मोफत प्रोग्राम चालवला की यंत्र पात्र आहे की नाही ते कळते. पात्र असेल आणि विंडोज १० अस्सल असेल, तर ११ साठी वेगळे पैसे पडत नाहीत.

यंत्र पात्र नसेल तर ते भंगारात देण्याची घाई करू नये. लिनक्स नावाचा दुसरा मार्ग आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याचा गाभा लिहिला, पुढे जगभरच्या लोकांनी तो वाढवला. तो वापरण्याची, इतरांना देण्याचीही उघड परवानगी आहे, म्हणून येथे चोरीचा प्रश्नच उद्भवत नाही. विंडोजची सवय असलेल्यांना लिनक्स मिंट सोपी जाते. तिची २२ वी मालिका २०२९ पर्यंत दुरुस्ती मिळणारी आहे. जुन्या यंत्रासाठी तिची 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती घ्यावी.

पण खरी निवड कामावरून करायची. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे, ज्यांचा सारा हिशेब टॅलीत आहे त्यांनी विंडोजवरच राहावे. छापखाना किंवा लग्नपत्रिकांचे काम करणाऱ्या उर्दू कारागिरांचे इनपेजही विंडोजवर चालते, आणि त्याच्या जुन्या फाइली दुसऱ्या प्रोग्राममध्ये सरळ उघडत नाहीत. नव्याने उर्दू व मराठी लिहिण्यासाठी मात्र लिनक्समध्ये दोन्ही कीबोर्ड मिळतात. ज्यांचे काम जीएसटीचे पोर्टल, ई-वे बिल, ई-मेल आणि साध्या तक्त्यातील उधारी एवढेच आहे, त्यांचे लिनक्सवर निभते, कारण हे सारे ब्राउझरमध्ये व लिबरऑफिसमध्ये होते. डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्यांनी त्याचा ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळतो का, हे आधी विचारावे.

लिनक्सची मोठी सोय अशी की टाकण्यापूर्वी ती वापरून पाहता येते. कापड घेताना आपण तागा उलगडून पाहतो, तसेच हे. मिंटच्या अधिकृत साइटवरून सुमारे ३ जीबीची फाइल उतरवावी आणि रुफससारख्या प्रोग्रामने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिहावी. त्या पेन ड्राइव्हवरचे आधीचे सारे पुसले जाते, हे ध्यानात ठेवा. कॉम्प्युटर सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबले (कंपनीप्रमाणे बटण बदलते) की पेन ड्राइव्हवरून चालू करण्याचा पर्याय येतो. त्यावर दोन-तीन दिवस काम करा. वाय-फाय, आवाज आणि विशेषतः बिलाचा प्रिंटर चालतो का ते पाहा. आमच्या घरी सारे चालले, जुना स्कॅनर तेवढा अडला.

टाकण्याच्या दिवशी आधी सर्व फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फाइली उघडून पाहा. नक्कल झाली असे समजणे आणि नक्कल उघडून पाहणे यांत आमची आठ महिन्यांची उधारी गेली असती तितके अंतर आहे. डेस्कटॉप, डाउनलोड व डॉक्युमेंट्स हे तिन्ही कप्पे विसरू नका. टॅली असेल तर तिच्या डेटाचे फोल्डर वेगळे असते, तेही घ्या. विंडोजवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून तिजोरीत ठेवा, नाहीतर आपल्याच डिस्कबाहेर उभे राहण्याची वेळ येते.

टाकताना पडद्यावर एक प्रश्न येतो: विंडोजशेजारी जागा द्यायची, की सारी डिस्क पुसायची. येथे घाईने बटण दाबू नका. दोन्ही सिस्टीम शेजारी ठेवता येतात, नवशिक्यांनी प्रथम तेच करावे. काम चालू असताना वीज जाऊ नये म्हणून यूपीएस असावा, लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली हवी. साधारण अर्धा तास लागतो. दुरुस्तीवाल्याला बोलावले तरी शेजारी बसा आणि कोणते बटण का दाबतो ते विचारा.

आम्ही महिना-दीड महिना रात्रीचा हिशेब नव्या सिस्टीमवर आणि कागदी वहीवर, दोन्हीकडे लिहिला. रोज दोन्हींची बेरीज जुळू लागल्यावर मगच जुनी डिस्क कपाटातून काढून पुसली.