चिठ्ठीत नसलेली गोळी

धाराशिव जिल्ह्यात १९७१ च्या युद्धकाळी सैन्यात असलेले जे वृद्ध आज आहेत, त्यांतील सर्वांत लहानानेही सत्तरी ओलांडली आहे. निवृत्त सैनिकांच्या औषधोपचारासाठी केंद्र सरकारने २००३ साली अंशदायी आरोग्य योजना सुरू केली. तिच्या दवाखान्यांत डॉक्टरांबरोबर औषधनिर्माताही असतो.

औषधनिर्माता म्हणजे चिठ्ठी पाहून गोळ्या मोजून देणारा मनुष्य, ही समजूत अपुरी आहे. उतारवयात मूत्रपिंडांचे काम मंदावते. त्यामुळे काही औषधे शरीरात अधिक काळ रेंगाळतात. त्यातच रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा वृद्ध गुडघेदुखीसाठी बाजारातून वेदनाशामक गोळी आणतो. अशा काही गोळ्यांनी रक्तदाब वाढतो. रक्तदाबाच्या काही औषधांशी गाठ पडली, तर मूत्रपिंडांनाही इजा होऊ शकते. ही गोळी चिठ्ठीत नसते! म्हणून औषधनिर्माता घरातील सर्व औषधांची पिशवी आणावयास सांगतो आणि एकेक गोळी पारखतो. विचारावे मात्र जपून लागते; रणांगणावर जखमा सोसलेला मनुष्य गुडघ्याचे दुखणे सहसा बोलून दाखवीत नाही. धोका दिसताच औषधनिर्माता डॉक्टरांना कळवितो. मग चिठ्ठी बदलते, आणि अंधुक दिसणाऱ्या वृद्धासाठी तो पाकिटांवर ठळक सूर्य व चंद्र काढून देतो.