पासवर्डचा ईमेल दुकानदारापर्यंत का पोहोचत नाही?

आपल्यापैकी पुष्कळ ठोक व्यापारी आता स्वतःच्या वेबसाइटवर ऑर्डरी घेतात. दुकानदार नाव व पासवर्ड घालून आत जातो, नमुने पाहतो, थान किती हवेत ते लिहितो, उधारीचे खातेही तिथेच पाहतो. सोय चांगली आहे. पण दुकानदार पासवर्ड विसरतो. रमजानच्या आधी आणि लग्नसराईत असा वर्षातून दोनदाच जो ऑर्डर टाकतो, त्याच्या तो लक्षात कसा राहणार? तो 'पासवर्ड विसरलात?' हे बटण दाबतो. पडद्यावर 'ईमेल पाठवला आहे' असे येते. ईमेल मात्र येत नाही.

मग तो पेढीवर फोन करतो आणि आपला गुमास्ता फोनवरच नवा पासवर्ड सांगून टाकतो. आमच्याकडे असेच चालत असे. एका रमजानमध्ये जुन्या ग्राहकाचे नाव सांगून कोणीतरी पासवर्ड घेतला, त्याच्या उधारीवर चार गाठी मागवल्या आणि माल भलत्याच पत्त्यावर उतरवून घेतला. वसुलीला गेलो तेव्हा तो दुकानदार कसमा खाऊ लागला. तो खरे बोलत होता. गुमास्त्यावर मी रागावलो, पण कसूर माझी होती. ईमेल जात नाही हे मला महिनोन् महिने माहीत होते.

बंधूंनो, आधी हे समजून घ्यावे की वेबसाइट 'पाठवला' म्हणते त्याचा अर्थ फक्त 'पुढे सोपवला' एवढाच असतो. बिल्टी फाडली म्हणजे माल पोहोचला असे होत नाही, तसेच हे आहे. पुष्कळ वेबसाइटी, काही बदल केला नाही तर, ज्या सर्व्हरवर ठेवलेल्या असतात तिथूनच ईमेल सोडतात. स्वस्त होस्टिंगमध्ये त्या एका सर्व्हरवर इतर अनेकांच्या वेबसाइटी असतात. त्यांतील एकाने फसवे ईमेल सोडले की सर्व्हरचा पत्ता बदनाम होतो, आणि आपला ईमेलही स्पॅममध्ये पडतो किंवा दारातूनच परत फिरतो.

उपाय असा की ईमेल रीतसर मेल सेवेमार्फत पाठवावा. वेबसाइटच्या सेटिंगमध्ये एसएमटीपी नावाचा भाग असतो. तिथे मेल सेवेच्या सर्व्हरचे नाव, पोर्ट, खात्याचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार भरायचा असतो. गडबड बहुधा पोर्टमध्ये होते. २५ हा पोर्ट सर्व्हरांच्या आपसातील देवघेवीचा आहे. पुष्कळ होस्टिंग कंपन्या तो बाहेर जाण्यासाठी बंद ठेवतात. आपण ५८७ घ्यावा व सुरक्षेत स्टार्टटीएलएस निवडावे, किंवा ४६५ घ्यावा व टीएलएस (काही ठिकाणी एसएसएल लिहिलेले असते) निवडावे. या जोड्यांची अदलाबदल झाली तर वेबसाइट नुसती वाट पाहत बसते किंवा जोडणीच तुटते.

जीमेलचे खाते वापरत असाल तर त्याचा नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही. साध्या खात्यांसाठी गुगलने ती वाट २०२२ मध्ये बंद केली. खात्यात दुहेरी पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा 'ॲप पासवर्ड' काढावा लागतो. पुढे कधी मुख्य पासवर्ड बदलला की हा ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतो आणि ईमेल गुपचूप बंद पडतात. मुलगा खात्याचा पासवर्ड बदलतो आणि दुकानात कोणाला पत्ता नसतो! माझ्या मते पेढीच्या स्वतःच्या डोमेनचे मेल खाते घेणेच बरे. पाठवणाऱ्याच्या जागीही त्याच डोमेनचा पत्ता असावा.

आता साखेचा प्रश्न. तुमच्या डोमेनच्या नावाने कोणीही ईमेल लिहू शकतो. घेणाऱ्याने खरा कोणता हे कसे ओळखावे? त्यासाठी डोमेनच्या डीएनएसमध्ये तीन नोंदी करायच्या असतात. एसपीएफ म्हणजे आपला माल कोणकोणते ट्रान्सपोर्टवाले नेऊ शकतात याची जाहीर यादी. ही नोंद एकच असावी. मेल सेवा बदलताना लोक दुसरी नोंद जोडतात, आणि मग दोन्ही निकामी होतात. जुन्या नोंदीतच नवे नाव घालावे. डीकेआयएम म्हणजे मोहर. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी परदेशी राजांना पत्रे पाठवायचे ठरवले, तेव्हा मोहर नसलेले पत्र ते स्वीकारत नाहीत असे त्यांना सांगण्यात आले, आणि त्यांनी चांदीची अंगठी करवून तिच्यावर मोहर कोरून घेतली, हे हदीसमध्ये आले आहे. आजचे मेल सर्व्हरही तेच मागतात. ईमेलवर गुप्त किल्लीने मोहर उठते, घेणारा डीएनएसमधील जाहीर किल्लीने ती ताडून पाहतो. वाटेत मजकूर बदलला तर मोहर जुळत नाही. तिसरी नोंद डीमार्क: यादी व मोहर दोन्ही न जुळणाऱ्या ईमेलचे काय करावे, याची सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल व याहूने प्रत्येक पाठवणाऱ्यास एसपीएफ किंवा डीकेआयएम सक्तीचे केले आहे. रोज पाच हजारांहून जास्त पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात. आपण लहान असलो तरी तिन्ही कराव्यात. काम तासाभराचे आहे.

ईमेलमध्ये पासवर्ड कधीही लिहू नये. फक्त दुवा पाठवावा, तो एकदाच चालावा आणि तासाभराने मरावा. दहा मिनिटांचा ठेवू नये, कारण काही सर्व्हर अनोळखी ईमेल थोडा वेळ अडवून मग घेतात. तसेच नोंदलेला आणि न नोंदलेला, दोन्ही पत्त्यांना पडद्यावर एकच उत्तर दिसावे. नाहीतर आपले ग्राहक कोण कोण आहेत हे परक्याला कळते.

सगळे झाले की स्वतःच्या जीमेलवर एक ईमेल मागवा आणि 'मूळ संदेश दाखवा' उघडा. तिन्ही नावांपुढे 'पास' लिहिलेले पाहिजे. ईमेल आलाच नाही तर वेबसाइटची नोंदवही पाहा: ५३५ म्हणजे खात्याचे नाव वा पासवर्ड चुकला, ५५० म्हणजे बहुधा समोरच्याने नाकारले किंवा तो पत्ताच नाही.

नंतर ग्राहकांचे पत्ते तपासा. आमच्या वहीत कित्येक दुकानदारांच्या नावापुढे भाच्याचा, नाहीतर ज्या सायबर कॅफेत नोंदणी केली त्याचा ईमेल निघाला. अशांना नोंदलेल्या जुन्या नंबरावर आपणच फोन लावून नवा पत्ता घ्यावा. आलेल्या फोनवर पत्ता बदलू नये.