पोलादपूरहून आयईएल्टीएसची तयारी

प्रश्न : माझी दहावी पोलादपूरला मराठी माध्यमातून झाली; आता लोणेरेच्या विद्यापीठात बी.टेक.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परदेशात एम.एस.साठी आयईएल्टीएस द्यावीच लागेल का? घरून देता येणारी परीक्षा चालेल का?

उत्तर : आधी त्या अभ्यासक्रमाची अट वाचा. काही विद्यापीठांना पदवीचं माध्यम इंग्रजी असल्याचं पत्र पुरतं. घरून देता येणारी ड्युओलिंगो सगळीकडे चालत नाही. शिवाय पावसाळ्यात आपल्याकडे वीज आणि नेट कधी दगा देतील याचा नेम नसतो. त्यापेक्षा मुंबई किंवा पुण्याचं केंद्र घ्या, आदल्या दिवशीच मुक्कामाला पोहोचा. पासपोर्ट आत्ताच काढा. परीक्षा ‘ॲकॅडमिक’ प्रकारचीच निवडा. निकाल दोन वर्षं ग्राह्य धरतात.

मराठी माध्यमाची मुलं व्याकरणात क्वचितच अडतात, अडतात ती ऐकण्यात. तिथे ध्वनिफीत एकदाच वाजते. रोज इंग्रजी बातम्या लावून त्यातले आकडे आणि नावं स्पेलिंगसह लिहून काढा, मग पुन्हा ऐकून पडताळा. लेखनात दुसऱ्या प्रश्नाला दुप्पट वजन आहे, म्हणून साठातली चाळीस मिनिटं त्याच्यासाठी राखा.

तोंडी परीक्षेत उच्चार कोकणी वळणाचा असला तरी बिघडत नाही, समोरच्याला कळला पाहिजे. पाठ केलेली उत्तरं मात्र लगेच ओळखू येतात. नदीबद्दल विचारलं तर थेम्स कशाला? महाडात 2021च्या जुलैत शिरलेलं सावित्रीचं पाणी सांगा.