आठवड्याचा अभ्यास : "एकदाच घे, काय होतंय?"



आपल्या सुपा-जोयडा भागातली कितीतरी मुलं अनमोड घाट उतरून गोव्यात कामाला जातात. तिथे एखाद्या रात्री कुणी कोकेनची पांढरी पूड पुढे करतं आणि वरचं वाक्य म्हणतं. खरंच काय होतं, ते आज समजून घेऊया.

*मेंदूत काय होतं?*
चांगलं जेवण, शाबासकी, आपल्या माणसाची भेट, यांनी मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य सुटतं. काम झालं की पेशी ते परत ओढून घेतात. कोकेन ही परतीची वाटच अडवतं. सुपा धरणाची दारं बंद असली की काळी नदीचं पाणी जसं फुगतं, तसं डोपामिन साचत जातं.

*वागण्यात काय दिसतं?*
नाकाने ओढल्यावर काही मिनिटांत माणूस भराभर बोलू लागतो, भूक-झोप विसरतो, आपल्याला काहीही जमेल असं त्याला वाटतं. साधारण अर्ध्या तासात हे ओसरतं. मागे उरते चिडचिड, उदासी आणि "अजून थोडं" ही ओढ. 2001 साली उंदरांवर झालेल्या प्रयोगात एकाच डोसनंतर मेंदूत झालेला बदल पाच दिवसांनीही दिसला. नशा उतरते, पण मेंदू लगेच विसरत नाही.

*हृदयाचं काय?*
रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब आणि ठोके वाढतात. तरुण, धडधाकट माणसालाही पहिल्याच वेळी हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. सोबत दारू असेल तर यकृतात कोकाएथिलीन नावाचं वेगळंच द्रव्य बनतं. ते शरीरात जास्त वेळ राहतं, हृदयाला जास्त घातक ठरतं.

*आपण घरच्यांनी काय करायचं?*
1. छातीत दुखणं, झटके, भ्रम, अंग तापणं दिसलं तर लगेच 108 किंवा 112 ला फोन करा.
2. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. हृदयाची काही औषधं अशा वेळी ते टाळतात. लाजेपायी लपवलं तर जीवावर बेतेल.
3. सल्ल्यासाठी 14446 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.
4. मुलाने रात्री फोन करून कबूल केलं, तर आधी "तू कुठे आहेस, बरा आहेस ना?" एवढंच विचारा. ओरडलात, तर पुढचा फोन येणार नाही.

हा पाठ घरी मुलांसोबत बसून वाचावा. आपला मुलगा तसा नाही, असं म्हणून पुढे सरकू नये.