सुट्टीत मुलांची मैत्री जमावी म्हणून

मे महिना लागला की कसाल तिठ्यावर मुंबईहून आलेली कुटुंबे उतरू लागतात. वाडीतील मुलांची संख्या आठवडाभरात दुप्पट होते. घरची आणि मुंबईची मुले एकाच अंगणात येतात. पण एकत्र येणे म्हणजे मैत्री होणे नव्हे. दोन दिवसांत दोन टोळ्या पडतात. एक टोळी दुसरीच्या मालवणी बोलीला हसते, दुसरी पहिलीला झाडावर चढता येत नाही म्हणून चिडवते. या दोन्हींच्या मध्ये एखादे मूल एकटेच पायरीवर बसून राहते.

हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे वाचकांना वाटेल. पण वारंवार पोट दुखते, डोके दुखते, जेवण जात नाही, अशा तक्रारी घेऊन आणलेल्या कित्येक मुलांच्या तपासणीत काहीही सापडत नाही. हळूच विचारले तर, "मला कोणी खेळायला घेत नाही" हे वाक्य बाहेर पडते. मुलाची दुखणी खोटी नसतात. मनावरचा ताण शरीरातून बोलत असतो. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो, आणि त्यात किशोरवयीन मुलांचे प्रमाण मोठे आहे. म्हणून वाडीतील मंडळ, महिला बचत गट किंवा एखादे हौशी शिक्षक सुट्टीत मुलांसाठी प्रेम व मैत्री या विषयावर चार-पाच दिवसांचा कार्यक्रम घेणार असतील, तर तो कसा आखावा याचा विचार येथे करू.

काय टाळावे

मैत्रीचा कार्यक्रम म्हटला की रंगीत फिती बांधणे, शुभेच्छापत्रे वाटणे, "माझा सर्वांत आवडता मित्र" यावर बोलायला लावणे, अशा कल्पना सुचतात. त्यात एक दोष आहे. कोणाच्या हातात दहा फिती आणि कोणाच्या हातात एकही नाही, हे सर्वांना दिसते. जे मूल आधीच एकटे आहे, त्याचे एकटेपण आपण जाहीर करतो. खेळात दोन कप्तान नेमून त्यांना गडी निवडायला सांगणे हाही तसाच प्रकार. शेवटी उरलेल्या मुलाच्या मनावर काय परिणाम होतो, हे ज्याच्या वाट्याला आले असेल त्याला विचारावे.

आपल्या सणांची रीत याहून शहाणी आहे. संक्रांतीचा तिळगूळ आणि दसऱ्याचे सोने आपण आवडत्यांना निवडून देत नाही, दिसेल त्याला देतो. कार्यक्रम आखताना हेच सूत्र धरावे: प्रत्येकाला मिळेल आणि प्रत्येकाला द्यावे लागेल.

एकत्र कामाचे औषध

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात १९५४ साली मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने सुट्टीच्या शिबिरात एक प्रयोग केला. अकरा वर्षांच्या आसपासच्या २२ मुलांचे दोन गट करून त्यांच्यात स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत शिवीगाळ आणि मारामारीपर्यंत मजल गेली. पुढे दोन्ही गटांना नुसते एकत्र जेवायला किंवा सिनेमाला बसवून भागले नाही. तेथेही भांडणेच झाली. पण शिबिराचे पाणी बंद पडले, गाडी अडकली, अशी कामे पुढे आली, आणि ती दोन्ही गटांनी मिळूनच होण्यासारखी होती. तेव्हा मात्र वैर ओसरत गेले. मुले मुद्दाम भांडायला लावणे आज कोणी योग्य मानणार नाही, परंतु धडा उपयोगी आहे. उपदेशापेक्षा सामाईक गरजेचे काम मैत्री लवकर जमवते.

पाच दिवसांची आखणी

पंधरा ते वीस मुले, वय आठ ते तेरा, रोज सकाळी साडेआठ ते साडेदहा एवढी वेळ पुरे.

पहिला दिवस – ओळख. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावाव्यात. शक्यतो एक गावचा, एक बाहेरचा. प्रत्येकाने जोडीदाराला तीन प्रश्न विचारून त्याची ओळख सर्वांना करून द्यावी. मुंबईच्या मुलाने "खंय", "झील", "चेडू", "गजाल" असे पाच मालवणी शब्द शिकावेत आणि गावच्या मुलाने त्याच्याकडून एखादा नवा खेळ शिकावा.

दुसरा दिवस – काम. पक्ष्यांसाठी करवंट्यांची पाणवठी बांधणे, पाराभोवतीची जागा झाडणे, असे काम सर्वांनी मिळून करावे. बक्षीस ठेवू नये.

तिसरा दिवस – भेळ. अमेरिकेतीलच एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये शाळांसाठी एक पद्धत काढली. धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकेक तुकडा द्यायचा, म्हणजे प्रत्येकाची सर्वांना गरज लागते. भेळीलाही ती लागू पडते. एका चिठ्ठीवर कुरमुऱ्यांचे माप, दुसरीवर चटणी, तिसरीवर कांद्याची वेळ. अबोल मूल बोलल्याशिवाय भेळ होणार नाही. सुरीचे काम मोठ्यांनी करावे आणि आधी सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

चौथा दिवस – पत्र. चिठ्ठीत ज्याचे नाव येईल, त्याच्याविषयी या तीन दिवसांत पाहिलेली एक चांगली गोष्ट लिहावी किंवा चित्र काढावे. वाटण्यापूर्वी मोठ्यांनी सर्व पत्रे नजरेखालून घालावीत. प्रत्येकाला एकच पत्र मिळते, म्हणून मोजामोज होत नाही.

पाचवा दिवस – गोष्ट. साने गुरुजी आपल्या कोकणातले. दापोली तालुक्यातील पालगडला २४ डिसेंबर १८९९ रोजी जन्मलेले. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी १९४७ साली उपोषण केले. "आपल्या खेळातून आपण कोणाला बाहेर ठेवतो?" हा प्रश्न ही हकिकत सांगून झाल्यावर विचारावा आणि मुलांनाच बोलू द्यावे.

कच्चा लिंबू

लहानग्याला बाद न करता खेळू देण्यासाठी "कच्चा लिंबू" ही युक्ती आपल्याकडे पूर्वापार आहे. पाच वर्षांच्या मुलासाठी ती उत्तम. पण दहा वर्षांच्या, जरा लठ्ठ किंवा पायाने अधू मुलाला कच्चा लिंबू केले तर तो त्याला अपमान वाटतो. अशा वेळी मुलाला न बदलता खेळाचा नियम बदलावा. लगोरीत अंतर कमी करावे, लंगडीऐवजी साखळी घ्यावी, गुण लिहिण्याबरोबर एक डावही त्याला द्यावा.

काही पथ्ये

ऊन चढण्यापूर्वी खेळ आटोपावा. पाणी उकळून गार केलेले असावे. कोकम सरबत चांगले. काजूच्या ओल्या बियांचा चीक कातडी भाजतो, म्हणून मुलांना त्या फोडू देऊ नयेत. विहीर, व्हाळ व चिरेखाणीकडे मुले एकटी जाणार नाहीत हे पाहावे.

प्रेमाचा विषय असला तरी कोणालाही मिठी मारायला, पापा द्यायला भाग पाडू नये. "नको" म्हणण्याचा हक्क मुलाला आहे हे पहिल्याच दिवशी सांगावे. मुलगा-मुलगी एका जोडीत आल्यास मोठ्यांनी थट्टा करू नये. नेहमी किमान दोन प्रौढ हजर असावेत. एखाद्या मुलाने कोणाच्या वाईट स्पर्शाविषयी सांगितले, तर त्याच्यावर विश्वास ठेवावा. गप्प बसवू नये. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे.

कार्यक्रम संपल्यावर किती मुले आली हे मोजण्यापेक्षा, सहाव्या दिवशी कोणीही न बोलावता ती एकत्र खेळतात का, हे मी पालकांना पाहायला सांगेन. आणि त्या दिवशीही कोणी पायरीवर एकटे दिसले, तर त्याच्या शेजारी जाऊन बसावे. दोन-तीन आठवड्यांनंतरही त्याची भूक, झोप वा हसणे परत आले नाही, तर डॉक्टरांना जरूर भेटावे.