जाडजूड व्हिडिओ बारीक कसा करायचा?

गेल्या वर्षी आमच्या टीई मिनी प्रोजेक्टचा व्हिडिओ अपलोड करायचा होता. व्हिडिओ १० मिनिटांचा, फाईल जवळजवळ १.३ जीबी, आणि मर्यादा १०० एमबी. मुदत रात्री बाराची, घड्याळात साडेअकरा. एकाने फाईल झिप करून पाहिली, काही फरक पडेना. शेवटी हाताला लागेल तो कन्व्हर्टर उघडला, सगळ्यात लहान साईज निवडली, बाराला पाच कमी असताना फाईल चढवली, फोनमध्ये जागा हवी म्हणून मूळ व्हिडिओ डिलीट केला आणि निवांत चहाला गेलो.

ओरलच्या दिवशी सरांनी विचारलं, "मीटरवर रीडिंग किती आहे?" पडद्यावर आकड्यांच्या जागी नुसता राखाडी ठिपका! तोपर्यंत सोलर ट्रॅकर सुटा करून सामान लॅबमध्ये परत गेलेलं. मार्क गेले ते गेलेच. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हा लेखप्रपंच.

फाईल एवढी मोठी का होते?

१०८०पी व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. प्रत्येकाला ३ बाईट धरले तर एक फ्रेम ६.२ एमबीची. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एका मिनिटाला ९ जीबीपेक्षा जास्त! इतकं कुणीच साठवत नाही. फोन रेकॉर्ड करतानाच डेटा दाबून ठेवतो. म्हणूनच झिपचा उपयोग होत नाही. पिळलेलं फडकं पुन्हा पिळून पाणी किती निघणार?

हे दाबणं कसं चालतं? मेसच्या हजेरीचं उदाहरण घ्या. रोज सगळी नावं लिहायची गरज नाही. "कालच्यासारखंच, फक्त दोघे गावी गेले" एवढं लिहिलं तरी भागतं. कोडेक हेच करतो. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम ठेवतो आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल लिहितो. शिवाय डोळ्याला प्रकाशातला फरक जसा चटकन कळतो तसा रंगातला कळत नाही, म्हणून रंगाची माहिती कमी ठेवतो. मग चित्राचे छोटे चौकोन करून त्यातला बारीक तपशील गाळतो. या शेवटच्या कामामागचं गणित म्हणजे डिस्क्रीट कोसाईन ट्रान्सफॉर्म. ते १९७४ साली प्रसिद्ध झालं, आणि ते मांडणाऱ्यांपैकी नासिर अहमद हे मूळचे बंगळूरचे. सिग्नल प्रोसेसिंगच्या पेपरला हे नाव विसरू नका!

एकच सूत्र पाठ करा

फाईलचा आकार = बिटरेट × वेळ. बस्स. फक्त बिट आणि बाईटचा घोळ करू नका; ८ बिटचा १ बाईट.

आमचंच गणित करू. आधी फालतू भाग कापला: सुरुवातीची धावपळ, मधलं "अरे, चालू झालं का?" वगैरे. उरली ६ मिनिटं, म्हणजे ३६० सेकंद. १०० एमबी म्हणजे ८०० मेगाबिट. भागिले ३६०, उत्तर सेकंदाला साधारण २.२ मेगाबिट. त्यातले १२८ किलोबिट आवाजाला, २००० किलोबिट चित्राला. एकूण फाईल सुमारे ९६ एमबी. थोडी जागा मुद्दाम शिल्लक ठेवायची.

प्रत्यक्ष कृती

हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं.

१. फाईल उघडा आणि ७२०पीचा प्रीसेट निवडा. पिक्सेल निम्म्याहून कमी होतात, त्यामुळे तेवढ्याच बिटरेटमध्ये चित्र कमी फाटतं.

२. कोडेक एच.२६४ ठेवा. तो २००३ पासूनचा आहे आणि जवळपास सगळीकडे चालतो. २०१३ चा एच.२६५ आणखी लहान फाईल देतो, पण परीक्षकांच्या मशीनवर तो चालेलच असं नाही.

३. मर्यादा ठरलेली असेल तर अ‍ॅव्हरेज बिटरेटमध्ये २००० टाका आणि मल्टी-पास चालू करा. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर व्हिडिओ नुसता तपासतं, दुसऱ्या फेरीत जिथे हालचाल जास्त तिथे जास्त बिट देतं. वेळ जास्त लागतो, म्हणून साडेअकराला बसू नका!

४. मर्यादा नसेल तर कॉन्स्टंट क्वालिटीमध्ये २२ ठेवा. आकडा ६ ने वाढवला की फाईल साधारण निम्मी होते, अर्थात दर्जाही उतरतो.

५. आधी फक्त मीटर दिसतो तो तुकडा काढून पाहा. आकडे वाचता आले तरच पूर्ण फाईल करा.

शूटिंग करतानाच काळजी घ्या

कॅमेरा हातात हलला की प्रत्येक फ्रेममध्ये सगळंच बदलतं आणि बदल लिहून बिट संपतात. स्टँड नसेल तर पुस्तकांचा ढीग करा. अंधारात चित्रावर दाणे येतात, कोडेक त्यांनाही तपशील समजतो. म्हणून लाईट भरपूर ठेवा. मीटरचा जवळून वेगळा शॉट घ्या. आकडे मोठे दिसले तर कमी बिटरेटमध्येही टिकतात.

आणि शेवटचं. गाळलेला तपशील कुठल्याही सॉफ्टवेअरला जसाच्या तसा परत आणता येत नाही. म्हणून निकाल लागेपर्यंत मूळ फाईल डिलीट करू नका. पेन ड्राईव्हवर ठेवा, रूममेटच्या लॅपटॉपवर ठेवा, पण ठेवा. चहा काय, नंतरही मिळतो!