एंजिनाचा ब्लॉक : आधी धुणे, मग रंग

ट्रॅक्टर व जीप ही आता पुष्कळ बागायतदारांच्या घरी बैलजोडीच्या शेजारी उभी असतात. बैल आजारी पडला तर तो वैरण टाकतो व धन्यास ते तत्काळ कळते. एंजिनाचे दुखणे मात्र आत असते, आणि त्यावर रंग चढविला की ते अधिकच झाकले जाते. एंजिन पूर्ण उघडण्याचा प्रसंग क्वचितच येतो. म्हणून त्या वेळी ब्लॉक कसा धुवावा व त्यास रंग केव्हा आणि कोठे द्यावा, याविषयी आम्हांस जे कळले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम आमची चूक सांगतो. एके वर्षी वैशाखात आम्ही आपल्या ट्रॅक्टरचे एंजिन एका गॅरेजात उघडविले. सिलिंडर घासून घेतले, नवे पिस्टन व रिंगा घातल्या. एंजिन परत आले ते निळ्या रंगाने असे झळकत होते की, आम्ही नारळ फोडून बिल चुकते केले. मृगाची पेरणी निम्मी होते न होते तोच तेलाच्या दाबाचा दिवा लागला व खालून ठोके ऐकू येऊ लागले. उघडून पाहता क्रँकच्या बेअरिंगांवर ओरखडेच ओरखडे. आणि तेलाच्या वाटेत सिलिंडर घासतानाची बारीक पूड तशीच बसलेली! क्रँक पुन्हा घासावी लागली, तोवर वाफसा निघून गेला, व उरलेली पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने उशिरा उरकावी लागली. दोष केवळ मिस्त्र्याचा नव्हे. आम्हीही रंग पाहिला, आत पाहिले नाही. उताऱ्यावरील अक्षर सुरेख असले म्हणून जमिनीस कस येत नाही, हे कचेरीत जन्मभर उतारे नकलूनही आम्ही विसरलो. असो.

(१) धातूची ओळख. ट्रॅक्टरांचे व जुन्या जीपगाड्यांचे ब्लॉक बहुधा ओतीव लोखंडाचे असतात. हल्लीच्या पुष्कळ लहान मोटारींचे ॲल्युमिनियमचे असतात. लोहचुंबक लावून पाहावे. तो चिकटला नाही तर कॉस्टिक सोड्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. कारण कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो. पुढील विवेचन लोखंडी ब्लॉकासंबंधी आहे.

(२) ब्लॉक रिकामा करणे. तेलाच्या वाटांच्या टोकांस असलेली बुचे व पाण्याच्या पोकळीची पत्र्याची बुचे काढल्याखेरीज आतील मळ निघत नाही. किती बुचे काढली, कोणती कोठली, याची यादी वहीत लिहून ठेवावी. तेलाच्या वाटेचे एखादे बूच परत बसवावयाचे राहिले तर तेलाचा दाब राहत नाही, व नव्या बेअरिंगांचा नाश होतो.

(३) वरवरचा मळ व तडा. तेलकट चिखल बोथट पत्र्याने खरवडावा, मग रॉकेल अगर डिझेलने ब्रश फिरवावा. या कामी पेट्रोल वापरू नये. त्याची वाफ एका ठिणगीने पेट घेते. विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे घातले असल्यास पाण्याच्या पोकळीत चुन्याचा थर व गंज साचतो. तो तारेने मोकळा करून पाण्याच्या जोराने बाहेर काढावा. नंतर संशयित जागी रॉकेल चोपडून थोडा वेळ मुरू द्यावे, ते स्वच्छ पुसून वर खडूची पूड फासावी. तडा असल्यास त्यात मुरलेले रॉकेल खडूवर रेघेसारखे उमटते. ही परीक्षा रंगापूर्वीच होऊ शकते. रंगाखाली तडा दिसत नाही. आतील बारीक तड्यासाठी मात्र कारखान्यात दाबाची परीक्षा करवावी.

(४) खरे धुणे. सिलिंडर घासून झाल्यावर पुन्हा धुणे अवश्य आहे, आणि येथेच बहुतेकांची चूक होते. घासलेल्या पूडीचे कण लोखंडाच्या बारीक ओरखड्यांत रुततात. केवळ रॉकेलने पुसल्यास तेल निघते, कण राहतात. ते काढण्यास कढत पाणी, साबण व ताठ केसांचा ब्रश पाहिजे. तेलाच्या प्रत्येक वाटेतून लांब व निमुळता ब्रश आरपार फिरवावा, स्वच्छ पाणी सोडावे व कॉम्प्रेसरची हवा मारावी. हवा मारताना डोळ्यांस चष्मा असावा. वाळूच्या माऱ्याने ब्लॉक साफ करण्याचा मोह टाळावा. वाळूचा कण एखाद्या वाटेत अडकला तर तो पुढे बेअरिंगच शोधतो. हे धुतलेले तेलकट पाणी विहिरीकडे अगर पाटाकडे जाऊ देऊ नये.

ओले लोखंड पाहता पाहता गंजते. म्हणून हवेने कोरडे होताच सिलिंडरास व सर्व तासलेल्या भागांस स्वच्छ तेलाचा हात द्यावा. मग पांढरे, धागे न सुटणारे फडके तेलात भिजवून सिलिंडरात फिरवावे. फडके करडे झाले तर पुन्हा साबणपाणी घ्यावे. ते पांढरेच बाहेर येईल तेव्हा काम झाले असे समजावे.

(५) झाकणे. सिलिंडरांची तोंडे, हेड व चेंबर बसण्याच्या सपाट बाजू, टॅपेटची भोके, बोल्टांचे आटे, गॅस्केटच्या सर्व जागा कागद व चिकटपट्टीने बंद कराव्या. बॅटरीची अर्थची तार जेथे बसते ती जागाही कोरी ठेवावी. तेथे रंग लागल्यास वीज नीट वाहत नाही, स्टार्टर मंद फिरतो, आणि लोक बिचाऱ्या बॅटरीस दोष देतात. ब्लॉकाच्या आतील बाजूस तर रंग मुळीच देऊ नये. तो सुटला तर तेलाच्या जाळीत जाऊन बसतो.

(६) रंग. बाहेरची बाजू थिनरने पुसून तेलाचा अंश घालवावा. तेलावर रंग धरत नाही. गंजाचे डाग तारेच्या ब्रशाने काढावे, मात्र त्या वेळी सर्व भोके बंद असावी. प्रथम लोखंडास लागू प्रायमर, मग एंजिनाचा म्हणून मिळणाऱ्या रंगाचे दोनतीन पातळ हात, डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या अंतराने द्यावे. एकच जाड हात दिल्यास तो ओघळतो व पुढे पापुद्र्याने सुटतो. चालत्या एंजिनाचा ब्लॉक साधारणतः ८० ते १०० अंश सेल्सिअस तापतो, तेवढी उष्णता हा रंग सोसतो. धूर निघण्याचा नळ मात्र कित्येक शे अंश तापतो. त्यास हा रंग देऊ नये, तो जळून जातो. शिशाचा जुना शेंदरी प्रायमर विषारी असल्याने वर्ज्य करावा. रंग फिका निवडल्यास तेलाची गळती चटकन दिसते, हा एक फायदाच आहे.

रंग देऊ नये असे आमचे म्हणणे नाही. रंगाने गंज थांबतो, व चिखल चिकटल्यास तो लवकर निघतो. परंतु त्याचा क्रम शेवटचा आहे. ज्यांस एंजिन गॅरेजातच द्यावयाचे आहे त्यांनी निदान एक करावे. ब्लॉक धुऊन झाला व रंग अद्याप लागला नाही अशा दिवशी घरचे एक पांढरे फडके घेऊन स्वतः तेथे जावे, मिस्त्र्यासमक्ष ते सिलिंडरात फिरवावे, आणि बुचांची यादी ताडून पाहावी. त्या फेरीस अर्धा दिवस मोडेल. आमचा तेवढा अर्धा दिवस मोडला असता, तर त्या वर्षी पेरणी वाफशावर झाली असती.